लॉतच्या काठाने, सेलेच्या खोऱ्यात

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की आपल्याकडे आल्प्सचे घाट आणि जुलैतली मोठी शर्यत आठवते. आम्हाला मात्र घाट नको होते, गर्दीही नको होती. दिवसभर नदीच्या कडेने सायकल चालवावी आणि मागून येणाऱ्या हॉर्नकडे लक्ष ठेवावं लागू नये, एवढीच अपेक्षा होती. पुण्याच्या आसपास सायकल चालवणाऱ्याला ही अपेक्षा किती मोठी आहे ते वेगळं सांगायला नको.

फ्रान्सच्या नैऋत्येला लॉत नावाची नदी आहे. सेव्हेनच्या डोंगरात उगम पावते आणि जवळजवळ ४८० किलोमीटर नागमोडी वाहून गारोन नदीला मिळते. तिच्याच नावाचा जिल्हा आहे. मिशेलिनच्या नकाशात मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि अगदी लहान रस्ते पांढरे दाखवतात. रस्ता देखणा असेल तर त्याच्या कडेने हिरवी रेघ असते. लॉत जिल्ह्याच्या घडीवर लाल रंग शोधावा लागतो, आणि लॉतला मिळणाऱ्या सेले नावाच्या लहान नदीला चिकटून एक हिरवी रेघ चाळीसेक किलोमीटर जाते. ती रेघ पाहूनच बेत पक्का केला. पुतणी तुलूझला शिकते. ती म्हणाली, "काका, सप्टेंबरच्या शेवटी या. ऊन उतरलेलं असतं, द्राक्षं तोडणीला आलेली असतात. मलाही सुट्टी टाकता येईल."

शनिवार : काओर

तुलूझहून काओरची रेल्वे सव्वा-दीड तासाची. सायकली डब्यातच टांगल्या. स्टेशनबाहेर पडताच पुतणीने सायकल थेट बाजाराकडे वळवली. शनिवारचा बाजार दुपारी उठतो, आणि रविवारी दुपारनंतर या भागात खायला काही मिळेल याचा भरवसा नसतो.

बाजार कॅथेड्रलसमोर भरतो. या कॅथेड्रलवर दोन भलेमोठे घुमट आहेत. चौकात अंजिरं, मशरूम, ओले अक्रोड आणि बकरीच्या दुधाच्या चीजच्या लहानशा चकत्या. या चकत्यांना रोकामादूर म्हणतात, आणि हे नाव फक्त ठरावीक भागातल्या चीजलाच लावता येतं. विकणाऱ्या बाईंनी पैसे घेण्याआधी विचारलं, खाणार कधी? आज, उद्या की तेरवा? त्याप्रमाणे त्यांनी तीन वेगवेगळ्या रांगांतून चकत्या उचलल्या. आजची मऊ, पिवळसर आणि कडेने सैल झालेली. तेरवाची पांढरीशुभ्र आणि घट्ट. कागदाच्या तीन पुड्यांवर पेन्सिलीने वार लिहून दिले. मी शाकाहारी आहे आणि हा सगळा मुलूख बदकाच्या मांसावर पोसलेला. तेव्हा पुढचे दिवस हे चीज, अक्रोड, पाव आणि ऑम्लेट यांवर निघणार हे उघड होतं. चांगले निघाले.

काओर शहराला लॉतने तिन्ही बाजूंनी वेढा घातला आहे. पश्चिमेला व्हालांत्रेचा पूल आहे : कमानींवर उभा आणि वर तीन उंच बुरूज. बांधकाम १३०८ साली सुरू झालं आणि सत्तरेक वर्षं चाललं. इतका वेळ का लागला, याची एक लोककथा आहे. कंटाळलेल्या गवंड्याने सैतानाशी करार केला : तू सांगकाम्या हो, पूल झाला की माझा आत्मा तुझा. शेवटी त्याने सैतानाला चाळणीतून पाणी आणायला सांगितलं आणि स्वतःची सुटका करून घेतली. चिडलेला सैतान मग रोज रात्री मधल्या बुरुजाचा एक दगड काढून टाकायचा. १८७९ मध्ये पुलाची डागडुजी करणारे वास्तुविशारद पोल गू यांनी त्या जागी दगडाला लटकणाऱ्या सैतानाचं छोटं शिल्पच बसवलं. खालून नजर लावून शोधावं लागतं. आम्हाला सापडलं तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी समाधानाने मान हलवली.

रविवार : काओर ते सें-सिर्क-लापोपी

काओर ते व्हेर हा पंधरा किलोमीटरचा तुकडा या वाटेवरचा त्यातल्या त्यात रहदारीचा. म्हणून तो रविवारच्या पहाटेसाठी राखून ठेवला होता. या दिवसांत सकाळी खोऱ्यात दाट धुकं भरतं आणि दहाच्या सुमारास उठतं. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात सायकल चालवताना चमकणारं जाकीट घालणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. दोघंही पिवळी जाकिटं चढवून निघालो.

लारोक-दे-झार्क गावाजवळ रस्त्यालगतच्या कड्यात रोमन काळातल्या पाटाचे अवशेष दिसतात. काओरचं रोमन नाव दिव्होना. त्या शहराला व्हेरकडून पाणी नेणारा हा पाट तीसेक किलोमीटर लांब होता. कुठे कडा कोरून, कुठे कमानींवरून. गावाच्या नावातल्या कमानी त्याच.

व्हेरपाशी खोऱ्याचं गणित बदलतं. काओर ते फिजाक जाणारा मुख्य रस्ता इथे नदी सोडतो आणि उत्तरेच्या पठारावर चढून सरळ निघून जातो. घाईत असलेले सगळे त्याच्याबरोबर जातात. नदीकाठी उरतो तो डी-६६२. वळणं घेत, कुठे कड्याच्या पोटाखालून, कुठे छोट्या बोगद्यातून जाणारा. वळणापलीकडे गेलो तशी आमच्या फ्रीव्हीलची टकटक ऐकू यायला लागली. मग बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज. मग एक अक्रोड डांबरावर पडून उडाल्याचा. पुतणी मागून ओरडली, "काका, शेजारी शेजारी चालवूया!" आणि तशी चालवली, गप्पा मारत.

हा शांतपणा आपोआप आलेला नाही. तो समजावून घ्यायचा तर बुझिएसपासून नदीकाठची पायवाट धरावी. सायकली हाताने ढकलत आम्ही ती चाललो. एकोणिसाव्या शतकात, १८४० च्या दशकात, इथला चुनखडीचा उभा कडा आतून खणून ही वाट काढली, होड्या ओढून नेण्यासाठी. डोक्यावर दगडाचं छत, एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला पाणी. भिंतीवर एका जागी दानिएल मोनिए या शिल्पकाराने विसाव्या शतकात शंख, मासे आणि पाण्याची वळणं कोरून ठेवली आहेत. हात फिरवला तर ओल लागते. याच वाटेने ओढलेल्या सपाट तळाच्या होड्यांतून दारू आणि दगडी कोळसा खाली बोर्दोपर्यंत जायचा. मग १८८६ मध्ये काओर ते काप्देनाक रेल्वे आली, आणि होड्या संपल्या. १९२६ मध्ये लॉतचं नाव जलमार्गांच्या यादीतून काढून टाकलं. रेल्वेची प्रवासी वाहतूक १९८० मध्ये थांबली, कारण तोवर मोटारी आल्या होत्या. आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ए-२० हा महामार्ग काओरजवळून गेला आणि लांबच्या मोटारीही त्यावर गेल्या. नवा मार्ग आला की जुना रिकामा, असं इथे पुन्हा पुन्हा झालं. नदीकाठचा रस्ता आमच्यासारख्यांच्या वाट्याला आला तो असा.

एक सूचना मात्र मनापासून करतो. सप्टेंबरपासून रविवारी इथे रानडुकरांची शिकार चालते. रस्त्याकडेला शिकार सुरू असल्याची पाटी, भगव्या जाकिटातली माणसं आणि कुत्र्यांच्या गळ्यातल्या घंटा दिसल्या की जंगलातली पायवाट धरू नये. डांबरी रस्ता सोडू नये. आम्हाला दोन माणसांनी हात वर करून थांबवलं, शिट्टी वाजवली आणि मग जाऊ दिलं.

सें-सिर्क-लापोपी नदीपासून शंभर मीटर उंच कड्यावर टांगलेलं गाव. चढ लहान गिअरमध्ये निवांत जमतो. एकेकाळी इथे लाकूड कातणाऱ्यांची वस्ती होती. दारूच्या पिंपांचे लाकडी नळ इथून जायचे. कवी आंद्रे ब्रेतों यांनी १९५० नंतर उन्हाळे इथेच काढले. दुपारी गाव पर्यटकांनी भरलेलं होतं. सहानंतर गाड्या खाली उतरल्या आणि उतरत्या छपरांवर फक्त पाकोळ्या राहिल्या.

सोमवार : पेश मेर्ल आणि सेलेचं तोंड

सोमवारी खेड्यातल्या बहुतेक बेकऱ्या बंद असतात. पुतणीला हे माहीत होतं. तिने खालच्या रस्त्यावर पावाचं यंत्र शोधून ठेवलं होतं. नाणी टाकली की फटीतून कोमट बॅगेट, म्हणजे लांबट पाव, बाहेर येतो. लोक कमी झाले, रोज दुकान उघडणं परवडेना, म्हणून बेकरीवाल्यांनी यंत्रं ठेवली.

कोंद्युशेला सेले लॉतला मिळते. तिथे उत्तरेला डी-४१ फुटतो. हीच ती हिरवी रेघ. काब्रेरे चारेक किलोमीटरवर. गावाच्या डोक्यावर कड्याच्या कपारीत भिंत घालून केलेला एक किल्ला आहे, नुसता दगडात दगड. पेश मेर्लची गुहा गावापासून वर टेकडीवर. चढ सरळ आणि उन्हाचा, पण लहान.

सप्टेंबर १९२२ मध्ये इथल्या आंद्रे दाव्हिद आणि आंरी द्युतेर्त्र या दोन पोरांनी गुहेतली आदिमानवाची चित्रं शोधली. गावचे पाद्री आमेदे लेमोझी गुहांचे अभ्यासक होते, त्यांच्या प्रोत्साहनाने पोरं बिळाबिळांतून सरपटत फिरायची. १९२६ पासून गुहा लोकांसाठी खुली आहे. दिवसाला ७०० माणसांच्या वर आत सोडत नाहीत, कारण आपल्या श्वासाने आतली हवा बिघडते. तेव्हा वेळ आधी घेऊन ठेवावी. फोटोंना बंदी आहे, आणि ते बरंच आहे.

आत बाराएक अंश. घामेजलेल्या अंगाला ते टोचतं; स्वेटर न्यावा. मार्गदर्शक बाईंनी विजेरी एका भिंतीवर धरली आणि दोन घोडे दिसले, एकमेकांकडे पाठ करून. सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे. उजवीकडच्या घोड्याचं डोकं चितारलेलं फार थोडं आहे. खडकाचा कंगोराच मुळात घोड्याच्या डोक्यासारखा आहे. ज्याने काढलं त्याला आधी दगडात घोडा दिसला असणार. दोन्ही घोड्यांच्या अंगावर आणि बाहेरही काळे ठिपके आहेत, आणि भोवताली हाताचे ठसे. पंजा भिंतीवर टेकवून त्याभोवती रंग फुंकलेला. मिशेल लोर्ब्लांशे या अभ्यासकाने स्वतः कोळसा तोंडात घेऊन, थुंकून थुंकून, या चित्राची प्रतिकृती दुसऱ्या भिंतीवर काढून पाहिली होती. एक हात असा होता की मी नकळत माझा पंजा उघडला. मापाचा निघाला असता.

पुढे एका जागी छतातून मूळ खाली आलं आहे. वरच्या ओकच्या झाडाचं मूळ खडकाच्या भेगेतून गुहेत उतरलंय आणि दोरासारखं सरळ हवेतून येऊन खालच्या मातीत शिरलंय. चुनखडीच्या पठारावर पाणी टिकत नाही. पाऊस पडतो आणि भेगांतून गडप होतो. झाडाला त्याच्यामागे जावं लागतं. आपल्या काळ्या कातळाची सवय असलेल्या माझ्यासारख्याला हा भूगोल त्या मुळाने एका क्षणात समजावला. वर रखरखीत पठार, खुरटे ओक, रचीव दगडांच्या भिंती. आणि तेच पाणी खाली खोऱ्यात कड्याच्या पायथ्याशी निळ्याशार झऱ्यातून वर येतं. मार्सियाकजवळचा रेसेलचा झरा असाच. नदीच्या पात्रातच बुडालेलं भगदाड आहे, आणि गुहांत बुडी मारणारे पाणबुडे जगभरातून तिथे येतात.

काब्रेरे ते मार्सियाक हा तुकडा या सबंध प्रवासाचा गाभा. खोरं इतकं अरुंद की रस्ता, नदी आणि मक्याचं एक शेत एवढ्यानेच भरून जातं. दोन्हीकडे गेरूच्या पट्ट्यांचे फिकट कडे. दुपारच्या त्या दीड तासात वाहनं भेटली ती पोस्टाची पिवळी गाडी आणि नांगर लावलेला ट्रॅक्टर. पोस्टाची गाडी वळणावर आमच्यामागे थांबली, समोरचा रस्ता दिसेपर्यंत थांबली, आणि मग पूर्ण पलीकडच्या बाजूने गेली. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडण्याचा इथला नियम आहे. पण रस्ता रिकामा असला की नियम पाळायला जागाही मिळते आणि सबुरीही येते.

मार्सियाकच्या बेनेडिक्टाइन मठाचं निम्मं छप्पर इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाच्या आणि नंतरच्या कॅथलिक-प्रॉटेस्टंट युद्धांच्या काळात गेलं. आता पडक्या भागात आकाशाखाली खांब उभे आहेत आणि उरलेल्या निम्म्यात चर्च चालू आहे. मुक्काम यात्रेकरूंच्या उतरण्याच्या जागेत, तिला झीत म्हणतात. स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाला पायी जाणारे लोक फिजाकहून काओरला जाताना काही वेळा मुख्य वाट सोडून सेलेचं खोरं धरतात. त्यांच्याबरोबर एका लांब टेबलावर जेवलो. डाळीचं सूप, पाव, अक्रोडाच्या तेलातलं सॅलड.

मंगळवार : मार्सियाक ते फिजाक

सकाळी निघताना झीतच्या मालकीणबाईंना पुतणीने विचारलं, की रस्ता कायम असाच शांत असतो का. बाई म्हणाल्या, ऑगस्टमध्ये होड्यावाले येतात, तेव्हा नसतो. मग थोडं थांबून म्हणाल्या, "मी लहान होते तेव्हा या गावातून शाळेला जाणाऱ्या पोरांचाच आवाज एवढा असायचा." पुतणीने मला ते मराठीत सांगितलं. दिवसभर माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

ब्रँगपर्यंत सपाट. रस्त्यावर अक्रोडाच्या फांद्या वाकलेल्या. खाली पडलेले उचलायचा मोह होतो, पण झाडं शेतकऱ्यांची आहेत. अक्रोडाचं तेल इथलं जुनं उत्पन्न आहे. वाटेत एका गावात पाणी भरायला थांबलो. इथे पिण्याच्या पाण्याचा नळ हमखास सापडतो तो दफनभूमीच्या फाटकाशी किंवा चर्चजवळ. शेजारीच पहिल्या महायुद्धाच्या मृतांचा स्तंभ होता. फ्रान्समध्ये असा स्तंभ नाही असं गाव शोधावं लागेल. बाटल्या भरेपर्यंत नावं वाचली. एकाच आडनावाची तीन, खाली दुसऱ्या आडनावाची दोन. भाऊ असतील किंवा चुलतभाऊ. मग मागे वळून गाव पाहिलं. उघडी दारं त्या नावांहून कमी होती. बाकीच्या घरांच्या निळ्या-करड्या लाकडी खिडक्या लावलेल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लॉत जिल्ह्यात जवळजवळ तीन लाख माणसं राहत होती. आज पावणेदोन लाखांच्या आसपास. १८७० च्या दशकानंतर फायलोक्सेरा या किडीने द्राक्षमळे खाल्ले, लोक पॅरिसला गेले, मग युद्ध झालं. बंद खिडक्यांची घरं बहुधा कुणाच्या तरी मुलांची, नातवंडांची. ती ऑगस्टमध्ये येतात, कुलूप काढतात, गवत कापतात. कोकणात ज्याचं घर गणपतीपुरतं उघडतं त्याला ही खिडकी ओळखीची वाटेल.

पण लोक गेले तरी रस्ता राखलेला आहे, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. फ्रान्समध्ये सुमारे ११ लाख किलोमीटर रस्ते आहेत. त्यातले पावणेचार लाखांच्या वर जिल्ह्यांच्या ताब्यात आणि सातेक लाख गावांच्या. गावं म्हणजे कोम्यून, ३५,००० च्या घरात. शंभर-दीडशे वस्तीच्या गावालाही महापौर आणि स्वतःचे रस्ते. डी-४१ वर खड्डा असा दिसला नाही. काही तुकड्यांवर डांबरावर बारीक खडी नव्याने दाबली होती. तिथे चाक कुरकुरतं आणि वळणावर सरकतं, त्यामुळे ३२ मिलिमीटरचे टायर कामी आले. दर किलोमीटरला पिवळ्या डोक्याचा दगड. त्यावर पुढच्या गावाचं नाव आणि अंतर. जिथून दिवसाला मोजक्या गाड्या जातात तिथलं गवतही कुणीतरी कापलेलं असतं. कुणाला उपयोग, असा हिशेब न करता केलेलं हे काम आहे, आणि आमची सायकल त्यावरच चालत होती.

एस्पान्याक-सेंत-ओलाली गावात व्हाल-पारादी नावाचा जुना मठ आहे. नावाचा अर्थ स्वर्गाची दरी. त्याच्या घंटाघराचा वरचा मजला दगडाचा नाही. लाकडी चौकटीत विटा भरलेला, वर टोकदार छप्पर. नदीवरच्या पुलावर बसून शनिवारची शेवटची चीजची पुडी उघडली. बाईंनी सांगितल्याप्रमाणे ती तयार झाली होती, सुरी लावताच पसरली. पुतणी म्हणाली, "काका, या बाईंना कसं कळलं हो?" सेलेच्या स्वच्छ पाण्यात शेवाळाच्या लांब बटा एका दिशेला विंचरल्यासारख्या हलत होत्या आणि मधोमध एक मासा प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा होता. तासभर तिथेच गेला. उठवेना.

बूसाकनंतर खोरं रुंदावतं, फिजाकची उपनगरं लागतात आणि गाड्या सुरू होतात.

बुधवार : फिजाक ते काजार्क

फिजाक म्हणजे शाँपोलियोंचं गाव. त्यांचा जन्म १७९० चा, आणि १८२२ मध्ये त्यांनी इजिप्तची चित्रलिपी उलगडली. त्यांच्या जन्मघराजवळच्या चौकात कलाकार जोसेफ कोसुथ यांनी १९९१ मध्ये, ती लिपी उलगडायला जिचा उपयोग झाला त्या रोझेटा शिळेची प्रचंड प्रतिकृती काळ्या ग्रॅनाइटमध्ये जमिनीवर अंथरली आहे. लोक त्यावरून चालतात. आम्हीही बूट पुसून चाललो. शेजारचं जगातल्या लिप्यांचं संग्रहालय पुन्हा सावकाश पाहण्यासारखं आहे.

फेसेल गावावरून लॉतचं खोरं एकदम उघडतं. सेलेच्या मानाने ही मोठी नदी, शेतंही मोठी. खाली उतरून पूल ओलांडला आणि डी-१२७ ने डाव्या काठाच्या पठारावर चढलो. दिवसाचा खरा चढ हाच, आणि त्याच्या डोक्यावर सो द ला मुनीन हा कडा. समोर माँब्रँचा पडका किल्ला, खाली नदीचं पूर्ण वळण. कथा अशी, की माँब्रँच्या सरदाराने स्वतःच्या मुलीला या कड्यावरून ढकलायचा हुकूम दिला. एका साधूने मुलीला लपवलं आणि तिचे कपडे घालून माकडिणीला ढकललं. बाप पस्तावला, मग मुलगी समोर आली, माफी झाली. पुतणी एवढंच म्हणाली, "त्या माकडिणीचं कुणालाच काही नाही."

पठारावर मेंढ्या चरत होत्या. इथल्या जातीच्या मेंढीचे कान काळे आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असतात. पंधरा-वीस माना एकदम वर झाल्या की चष्मेवाल्या बायकांची सभाच. उतारावर ब्रेक जपून वापरत काजार्कला पोहोचलो. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज पाँपिदू या गावाच्या नगरपालिकेत निवडून आले होते. इथल्या पठारावर केशर पिकतं. जुनी शेती होती, मोडली होती, आता पुन्हा उभी केली आहे. फुलं ऑक्टोबरात येतात. आम्हाला मोकळ्या मातीतले वाफेच दिसले.

गुरुवार : डाव्या काठाने काओर

काल्व्हिन्याक, सेनव्हिएरचा किल्ला, पुन्हा सें-सिर्कचा पायथा. डावा काठ उजव्याहूनही निवांत. पलीकडच्या तीरावर बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ झुडपांतून मधूनच डोकावत राहतात. दुपारी पाऊस लागला. व्हेरनंतरच्या रहदारीत ओल्या रस्त्यावर मोठ्या गाड्यांबरोबर चालवताना आधीच्या दिवसांची किंमत नव्याने कळली.

शुक्रवार : काओर ते ल्युझेश

शेवटचा दिवस नदीच्या खालच्या अंगाला ठेवला होता, कारण तिकडे द्राक्षं. काओरची वाइन इतकी गडद की तिला काळी वाइन म्हणत आले आहेत. तिच्यात किमान ७० टक्के माल्बेक द्राक्ष असावं लागतं. हे द्राक्ष आज अर्जेंटिनाच्या नावाने ओळखलं जातं, पण त्याचं घर हे खोरं. फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत इथले बहुतेक मळे जळाले. लोकांनी पुन्हा लावले, बहुतेक ठिकाणी माल्बेकच, आणि १९७१ मध्ये काओरच्या वाइनला भौगोलिक नामांकनाचा अधिकार मिळाला.

तोडणी जोरात चालली होती. रस्त्यावर द्राक्षांच्या ट्रॉल्या, मागे रसाची ओली रेघ आणि तिच्यावर गांधीलमाश्या. एका मळ्याच्या कडेला थांबलो तर काम करणाऱ्या आजोबांनी एक घोस हातात दिला. द्राक्षं लहान, साल जाड, आत बिया. आमच्या नाशिकच्या टेबलाच्या द्राक्षासारखी गोड रसाळ नाहीत. आधी गोड, मग जिभेला कोरडं करणारी. बोटं जांभळी झाली आणि हँडलची पट्टीही. ५६ च्या थंडीबद्दल पुतणीने विचारलं. ते तेव्हा शाळेत होते. त्यांचे वडील आठवडाभर मळ्याकडे फिरकलेच नाहीत, असं म्हणाले, आणि कात्री पुन्हा उचलली.

ल्युझेशला नदी इतकं घट्ट वळण घेते की येणारा आणि जाणारा प्रवाह यांत जेमतेम शंभर मीटर जमीन उरते. वरच्या टेकडीवर चढलं की दोन्ही बाजूंना तीच नदी दिसते. इथून आम्हाला संध्याकाळच्या गाडीसाठी परत फिरावं लागलं. पण ज्याच्याकडे आणखी दोन-तीन दिवस आहेत त्याने फिरू नये. लॉतच्या खोऱ्याचा सायकलमार्ग काओरपासून एग्युयोंला गारोनच्या संगमापर्यंत १६० किलोमीटर आहे. बहुतेक सगळा असाच लहान रस्त्यांवरून, पाट्या लावलेला. तिथून पुढे गारोनच्या कालव्याचा काठ धरला की बोर्दोच्या दिशेनेही जाता येतं आणि तुलूझच्याही. पुतणीने तो तुकडा दिवाळीच्या सुमाराच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर करायचा ठरवलाय. माझा नकाशा तिच्याकडेच ठेवून आलो.